इंजिन खोलण्याआधी मोजा: जुनी सात सीटर घेताना आणि वॉरंटी संपल्यावर

कोल्हापुरातल्या एका डीलरकडून आम्ही सात सीटर डिझेल गाडी घेतली, तेव्हा तिचं रनिंग ९१ हजार किलोमीटर होतं आणि कंपनीची वॉरंटी संपून गेली होती. घरात आम्ही सहा माणसं, गाव जांबोटीच्या बाजूला, आईला दर महिन्याला बेळगावला दवाखान्यात न्यायचं आणि सासुरवाड गोव्यात. छोट्या गाडीत भागत नव्हतं. पाचव्या महिन्यात साखळीहून परत येताना चोर्ला घाटाच्या चढावर टेंपरेचरचा काटा वर सरकला. दुसऱ्या दिवशी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेली आणि संध्याकाळी फोन आला: हेड गॅसकेट (इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, इंजिन उतरवावं लागेल, एस्टिमेट ३ लाख ४० हजार.

शेवटी खर्च आला ४१ हजार. हेड गॅसकेट शाबूत होतं. फरक एवढाच, की बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मिस्त्रीमामांनी इंजिनला हात लावण्याआधी हवेचा पंप लावून गळती मोजली. तेव्हापासून गावातलं, नात्यातलं कुणीही जुनी गाडी घ्यायला निघालं की मी त्यांना जे सांगतो, ते इथे सविस्तर लिहितो. सुरुवात गाडी बघायला जाण्यापासून.

गाडी बघायला सकाळी जा, आणि न सांगता बॉनेटला हात लावा

डीलरला आदल्या दिवशी सांगा की गाडी सुरू करू नका, आम्ही आल्यावर करू. पोहोचल्यावर पहिलं काम बॉनेटला, मग रेडिएटरच्या वरच्या पाइपाला हात लावायचं. गरम लागलं तर गाडी आधी सुरू केलेली आहे. थंड इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं, म्हणून अशा वेळी दुसऱ्या दिवशी परत जायचं. निपाणीहून कोल्हापूरला दुसरी खेप घालायचं डिझेल फार तर हजार रुपयांचं. चुकीच्या गाडीचा खर्च त्याच्या कितीतरी पट.

इंजिन थंड असतानाच कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. गरम असताना कधीही उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि तोंडावर उडतं. कूलंट हिरवा, गुलाबी, निळा, कुठल्याही रंगाचा असो, तो स्वच्छ हवा. तांबूस, गढूळ पाणी दिसलं तर कुणीतरी साधं पाणी घालत आलंय. आपल्याकडे बोअरचं पाणी घालायची सवय आहे. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साठतात आणि गाडी गावात ठीक चालते, घाटात गरम होते. वर तेलाचा तवंग दिसला तर तिथूनच परत फिरा.

मग ऑइलची पट्टी. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, त्यामुळे काळ्या रंगाला घाबरायचं कारण नाही. दोन गोष्टी बघायच्या. एक, ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर आहे का आणि त्याला डिझेलचा वास येतो का. तसं असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय आणि पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवू शकत नाही. दोन, पट्टीवर किंवा ऑइलच्या झाकणाच्या आत लोण्यासारखा पांढरट थर आहे का. पावसाळ्यात, आणि त्यातही बेळगावातल्या टिळकवाडी ते कॅम्प एवढंच फिरणाऱ्या गाडीत, झाकणाखाली थोडा थर वाफेनेही जमतो. पट्टीवरही तोच रंग असेल तर मात्र पाणी ऑइलमध्ये गेलेलं आहे.

आता गाडी सुरू करा आणि एकाला मागे सायलेन्सरजवळ उभं करा. पहिले दोन-तीन सेकंद पुढच्या बाजूने साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन किंवा ती ताणून धरणारा टेन्शनर सैल पडलेला असू शकतो. चेनऐवजी रबरी बेल्ट असलेलं इंजिन असेल तर बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. तो तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. धुराचा रंग बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. डोळ्याला झोंबणारा पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे डिझेल फवारणारा इंजेक्टर किंवा थंड इंजिन तापवणारा ग्लो प्लग बिघडलाय. इंजिन गरम झाल्यावरही जो पांढरा धूर थांबत नाही आणि ज्याला गोडसर वास येतो, तो कूलंटचा. थंडीच्या सकाळी पहिल्या मिनिटाला निघणारी वाफ मोजू नका.

सुरू असलेल्या गाडीचं ऑइलचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. थोडं थरथरणं चालतं. उडून पडायला लागलं आणि भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि सिलिंडरमधला दाब खाली उतरतोय. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा, कडक थर दिसला तर तिथलं तांब्याचं वॉशर गळतंय. वेळेत बदललं तर किरकोळ काम. दुर्लक्ष झालं की इंजेक्टर तिथेच असा चिकटतो की काढताना तुटतो.

स्कॅनर स्वतःचा किंवा स्वतःच्या माणसाचा

डीलरने दाखवलेला मोबाइलवरचा हिरवा रिपोर्ट पुरेसा नाही. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड पुसून गाडी दाखवता येते. तुमच्या मिस्त्रीकडचा स्कॅनर लावायचा, गाडी अर्धा तास चालवायची, मग पुन्हा लावायचा. पी००८७ आला तर इंधनाचा दाब कमी पडतोय. कॉमन रेल इंजिनात हा दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो, त्यामुळे पंप आणि इंजेक्टर महाग असतात. पी०२९९ म्हणजे टर्बोचा (इंजिनात जोराने हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) दाब पुरेसा बनत नाही. पी०४०१ ईजीआरचा, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेचा. पी००१६ म्हणजे इंजिनातल्या क्रँक आणि कॅम या दोन दांड्यांचा मेळ चुकला, म्हणजे बऱ्याचदा चेन. बीएस-६ गाडीत पी२००२ आला तर डीपीएफकडे (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरकडे) बघा. कोड म्हणजे निदान नव्हे, कुठे बघायचं त्याची ती खूण आहे. कोडवरून थेट पार्ट बदलणारा माणूस तुमच्या पैशांनी शिकतोय असं समजा.

रनिंग मागे घेतलेलं आहे का तेही इथेच कळतं. बऱ्याच गाड्यांत मीटरशिवाय इतर मॉड्यूलमध्येही किलोमीटरची नोंद असते. शिवाय गाडीचा नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिस हिस्टरी काढून घ्या. स्टिअरिंगची आणि पेडलची झीज बघा, आणि टायरवरचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ४० हजार चाललेल्या गाडीला चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले असतील तर प्रश्न विचारायलाच हवा.

पुराची गाडी. हे आपल्या भागासाठी मुद्दाम लिहितो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत कोल्हापूर, सांगली आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या कृष्णा-घटप्रभा काठच्या गावांत पाणी शिरलं होतं. त्या वर्षांच्या आधीची गाडी बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि आतल्या भागावर गाळाची रेघ आहे का बघा. कार्पेट उचला, सीटचे बोल्ट गंजलेत का बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. पुढच्या सीटखालचा एखादा वायरिंगचा कनेक्टर काढून आत हिरवट बुरशी आहे का बघा. धुऊन, पॉलिश करून गाडी चकचकीत करता येते, सीटबेल्टची ती शेवटची वीतभर पट्टी मात्र बहुतेक कुणी धूत नाही.

चाचणी चढावर घ्या

कोल्हापुरात गाडी बघत असाल तर कागलपर्यंत जाऊन परत येऊ नका, निपाणीच्या पुढे तवंदीचा घाट चढवा. बेळगावात असाल तर हायवेने वंटमुरीचा घाट. एसी चालू, शक्य असेल तर माणसं भरून, चौथ्या गिअरमध्ये चढ चढायचा. टेंपरेचर स्कॅनरवर आकड्यात बघा, कारण डॅशबोर्डवरचा काटा बऱ्याच गाड्यांत मधल्या मोठ्या पट्ट्यात जागचा हलत नाही आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ८५ ते १०० अंशांच्या आसपास राहून चढ संपल्यावर उतरला तर चांगलं. चढतच राहिला तर सौदा थांबवा. टर्बोचा शिट्टीसारखा बारीक आवाज असतोच. रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा चढता-उतरता आवाज आला तर बेअरिंग गेलंय. चढ संपल्यावर गाडी दोन मिनिटं उभी करून एकदम रेस द्या, मागून निळ्या धुराचा लोट आला तर टर्बोचं ऑइल सील.

डीलर एवढ्या लांब जाऊ देत नसेल तर डिझेल तुम्ही भरा आणि त्याचा माणूस सोबत घ्या. तरीही नाही म्हणाला तर ती गाडी सोडा. मी माझ्या गाडीची चाचणी सपाट रस्त्यावर घेतली होती.

किमतीत पुढचं वर्षही धरा. गाडीच्या किमतीच्या १० ते १५ टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल तर एक पायरी खालची गाडी घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. डीलर ‘सहा महिन्यांची वॉरंटी’ देतो तो कागद दुकानातच बसून वाचा. बऱ्याचदा त्यात फक्त इंजिन आणि गिअरबॉक्सच्या आतले भाग असतात. टर्बो, इंजेक्टर, सेन्सर आणि ‘गाडी गरम झाल्याने झालेलं नुकसान’ वगळलेलं असतं, आणि क्लेमला वरची मर्यादा असते. माझ्या कागदातही ओव्हरहीटिंग वगळलेलं होतं. ती ओळ मी घाटात गाडी बंद पडल्यावर वाचली.

गाडी घरी आल्यावरचा पहिला महिना

ऑइल, तिन्ही फिल्टर आणि कूलंट बदला, आधी बदललं असं कुणी सांगितलं तरी. बीएस-६ गाडी असेल तर कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला, नाहीतर डीपीएफ लवकर भरतो. पातळ न केलेलं (कॉन्सन्ट्रेट) कूलंट असेल तर ते निम्मं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं.

त्यानंतर कूलंटच्या टाकीवर पातळीपाशी स्केचपेनने रेघ मारा. रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर बघायचं. महिनाभर पातळी रेघेवरून हलली नाही तर आठवड्यातून एकदा बघितलं तरी चालेल. नव्या भरलेल्या कूलंटमधली हवा निघून पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी थोडी उतरते, तेवढं माफ. पुढे उतरत राहिली तर ते पाणी कुठेतरी जातंय. सर्व्हिसवाला फक्त भरून देतो, हे मी अनुभवलंय. आमच्या गाडीत पहिल्या चार महिन्यांत तीन वेळा ‘टॉप-अप’ झालं. ते तिन्ही बिलांवर छापलेलं होतं आणि एकदाही कुणी का म्हणून विचारलं नाही. मीसुद्धा.

काटा वर गेला तर

थांबायचं, एवढंच. एसी बंद, हीटर फुल्ल, जागा मिळताच बाजूला. काटा लाल पट्टीत गेला असेल किंवा कूलंट सांडलेलं दिसत असेल तर लगेच इंजिन बंद. झाकण उघडायचं नाही, वरून गार पाणी ओतायचं नाही. तापलेलं अॅल्युमिनियमचं हेड अचानक गार झालं की वाकतं. ‘कणकुंबीपर्यंत नेऊया, तिथे बघू’ म्हणून चालवलेले सहा किलोमीटर हेच खऱ्या इंजिन कामाचं कारण ठरू शकतात. चोर्ल्यात मोबाइलला रेंज कुठे मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून टो करणाऱ्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा आणि येणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे निरोप द्या. आम्ही तेच केलं. आई आणि मुलं बसने जांबोटीला गेली, मी गाडीजवळ थांबलो, आणि तीन तासांनी फ्लॅटबेड आला.

कूलंट कुठे जातंय ते शोधायची रीत

कंपनीतल्या माणसाने टाकीवर निळ्या रसायनाची नळी धरली होती. इंजिनातला जळलेला वायू कूलंटमध्ये मिसळला असेल तर ते निळं पाणी हिरवट किंवा पिवळं होतं. आमचं पिवळं झालं. त्यावर त्याने हेड गॅसकेट असं लिहून दिलं. चाचणी खरी होती, निष्कर्ष घाईचा होता.

मी उद्यमबागेत गेलो आणि म्हणालो, “मामा, हेड गॅसकेट गेलंय म्हणतायत.”

“म्हणतायत, पण कुणी बघितलंय काय? आधी हवा भरून बघूया की.”

त्यांनी टाकीच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवला, त्यावरचं मीटर एक बारच्या थोडं पुढे नेलं आणि चहा सांगितला. वीस मिनिटांत काटा निम्म्यावर आला. खाली जमिनीवर एक थेंब नव्हता, ऑइलची पट्टी स्वच्छ होती. म्हणजे पाणी बाहेर नाही, ऑइलमध्ये नाही, तर जळणाच्या किंवा धुराच्या वाटेने जात होतं. तिथे दोन रस्ते. एक हेड गॅसकेट किंवा हेडला तडा. दुसरा ईजीआर कूलर. ईजीआर कूलर ही छोटी पेटी असते. तिच्या आतल्या पातळ नळ्यांतून सायलेन्सरकडचा तापलेला धूर जातो आणि बाहेरून कूलंट फिरतं. नळीला बारीक चीर गेली की इंजिन बंद असताना पाणी धुराच्या वाटेत शिरतं आणि जोर लावताना धूर कूलंटमध्ये घुसतो. म्हणूनच निळ्या रसायनाचा रंग दोन्ही दोषांत बदलतो.

मामांनी कूलर गाडीतून काढला, त्याची पाण्याची तोंडं रबराच्या बुचांनी बंद केली, एका बुचातून हवा दिली आणि कूलर गरम पाण्याच्या टबात बुडवला. पहिलं मिनिटभर काही नाही. मग धुराच्या बाजूच्या तोंडातून बारीक बुडबुड्यांची एक रांग सुरू झाली, अगरबत्तीच्या धुरासारखी सरळ. मी मोबाइलवर तिचा व्हिडिओ घेतला. तो पुढे कामाला आला.

कूलर बाजूला ठेवून, त्याचे पाइप एकमेकांना जोडून पुन्हा इंजिनवर दाब दिला, तेव्हा काटा तासभर हलला नाही. ही दुसरी चाचणी पहिलीइतकीच महत्त्वाची. एक दोष सापडला म्हणून दुसरा नाही असं होत नाही, आणि गाडी गरम झालेली असल्यामुळे हेड वाकलं नाही ना याची खात्री हवी होती. सोबत चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजून घेतलं. आकडा किती हे इंजिनानुसार बदलतं, पण चारही एकमेकांच्या जवळ हवेत. एक किंवा शेजारचे दोन खाली पडले असते तर गॅसकेटचा संशय पक्का झाला असता.

हेड गॅसकेट खरोखर गेलेलं असेल तर त्याच्या खुणा वेगळ्या. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक होतो, पाणी गरम व्हायच्याही आधी. सकाळी पहिल्या स्टार्टरला इंजिन क्षणभर अडखळतं, कारण रात्रभरात सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असतं. अशा वेळी जोर करून स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

बाकीचे दोष थोडक्यात

इंजेक्टरवर संशय असेल तर रिटर्नची चाचणी मागा. चारही इंजेक्टरच्या रिटर्न (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडतात. ज्याची बाटली इतरांपेक्षा खूप लवकर भरते तो बिघडलेला. मग तो एकच तपासणीच्या बेंचवर पाठवायचा आणि आकड्यांचा रिपोर्ट घ्यायचा. नवा बसवल्यावर त्यावरचा कोड ईसीएममध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) घालावा लागतो, तो घातला का हे विचारा. चारही बदला म्हणणाऱ्याकडे चार आकडे मागा.

टर्बो बदलायला सांगितला तर आधी टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे पाइप, व्हॅक्यूमची बारीक नळी आणि अॅक्च्युएटर बघायला लावा. फाटलेल्या पाइपानेही दम जातो. टर्बोचा शाफ्ट आडवा किंचित हलतो, ते चालतं. पुढे-मागे हलता कामा नये. टर्बो खरोखरच गेला असेल तर त्याला ऑइल देणारा पाइप नवा घाला आणि इंटरकूलरमधलं साठलेलं ऑइल धुऊन काढा. हे दोन्ही न केल्याने नवा टर्बोही निकामी झाल्याचं मी शेजाऱ्यांच्या गाडीत पाहिलंय.

डीपीएफचा दिवा लागला तर हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास एकसारखी गाडी चालवा, म्हणजे साठलेली काजळी जळून जाते. फक्त शहरात फिरणाऱ्या गाडीला महिन्यातून दोनदा तरी हे हवं. डीपीएफ कापून टाकणं बेकायदेशीर आहे, आणि तो कापलेली गाडी मी तरी कधी घेणार नाही.

इंजिन उघडायचंच ठरलं तर

उघडायच्या आधी लेखी एस्टिमेट घ्या: मजुरी वेगळी, पार्ट वेगळे, आणि ‘खोलून बघितलं पण काम केलं नाही’ तर किती द्यायचे तो आकडा वेगळा. ही तिसरी रक्कम लिहून घेतली नाही तर खोललेली गाडी तुम्हाला तिथून हलवता येत नाही. जॉब कार्डवर ‘जुने पार्ट ग्राहकाला परत’ हे लिहून सही घ्या.

हेड उतरवलं की सरळ पट्टी आणि फीलर गेजने त्याची सपाटी मोजायला लावा आणि स्वतः बघा. मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतली. काही इंजिनांची हेड घासायला कंपनीच मनाई करते, काहींना जाड गॅसकेट घालून चालतं. विचारल्याशिवाय फेसिंगला टाकू देऊ नका. हेडचे बोल्ट बहुतेक आधुनिक इंजिनांत एकदाच वापरायचे असतात. जुनेच कसले तर काम पुन्हा होतं.

या बाबतीत आपण नशीबवान आहोत. बेळगावच्या फौंड्री आणि क्रँकशाफ्टच्या कारखानदारीमुळे उद्यमबाग, मच्छे भागात मायक्रोमीटर हातात धरलेली पिढी आहे. क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, हेडची गळती चाचणी हे सगळं इथे होतं. मेजरमेंटचा कागद मागितला तर चांगला मशीन शॉपवाला तो आनंदाने देतो. पैसे वाचवायला मी अख्खं नवं इंजिन टाळेन, पण मोजमाप आणि गॅसकेट सेट यात कधी हात आखडणार नाही.

कटिंगच्या (मोडीत काढलेल्या) गाडीचं जुनं इंजिन हा तिसरा पर्याय. तो घेताना इंजिन नंबर, ज्या गाडीतून काढलं तिचे कागद आणि जीएसटी बिल हवं. इंजिन बदललं की आरटीओची परवानगी घेऊन आरसीवरचा इंजिन नंबर बदलावा लागतो, नाहीतर पुढे इन्शुरन्सचा क्लेम आणि गाडीची विक्री दोन्ही अडतं. नंबर खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर हातही लावू नका.

पैसे कोण देणार

साध्या इन्शुरन्समध्ये आतून झालेला यांत्रिक बिघाड बसत नाही. पाणी शिरून इंजिन निकामी झालं तर ‘इंजिन प्रोटेक्ट’ची जोड असेल तरच बघतात, म्हणून पुढच्या वेळी पॉलिसी घेताना विचार करा.

कंपनीकडे वॉरंटीनंतरही मागता येतं. आधी तुमच्या चासी नंबरवर रिकॉल (सदोष भागासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं) आहे का ते कंपनीच्या साइटवर बघा; रिकॉलमधलं काम फुकट होतं आणि मालक बदलला म्हणून ते जात नाही. रिकॉल नसेल तर ‘गुडविल’ मागा. वॉरंटी नुकतीच संपलेली, सगळी सर्व्हिस कंपनीत झालेली आणि दोष नेहमीच्या झिजेतला नसलेला, अशा वेळी काही कंपन्या पार्टचा काही भाग उचलतात. फोनवर भांडू नका, कस्टमर केअरला ईमेल करा: चासी नंबर, किलोमीटर, सर्व्हिसची बिलं, चाचण्यांचे आकडे, फोटो. मी बुडबुड्यांचा व्हिडिओ आणि तिन्ही टॉप-अपची बिलं पाठवली. कूलरच्या किमतीचा अर्धा भाग त्यांनी दिला. ४१ हजार ही त्यानंतर माझ्या खिशातून गेलेली रक्कम.

डीलरने दोष लपवला असेल तर वाट वेगळी. व्यापाऱ्याकडून घेतलेली जुनी वस्तूही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली येते; शेजाऱ्याकडून किंवा पाहुण्याकडून खासगीत घेतलेल्या गाडीला ती वाट सहसा नाही. आधी लेखी नोटीस, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला, म्हणजे गाडीसाठी तुम्ही दिलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. सीमाभागातल्या माणसाला महत्त्वाची गोष्ट: तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते. गाडी कोल्हापुरात घेतली तरी खानापूर, निपाणीचा माणूस बेळगावच्या आयोगात जाऊ शकतो, आणि तक्रार ऑनलाइनही भरता येते. विक्रीचा कागद मराठीत असेल तर कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर सुरुवातीलाच जोडा, नाहीतर एक-दोन तारखा त्यातच जातात.

हद्द ओलांडून आलेल्या गाडीचे कागद

एमएच-०९ ची (कोल्हापूरची) गाडी केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिक्कोडी) च्या हद्दीत आणताना सौद्याच्या दिवशीच फॉर्म २८ ची एनओसी, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात घ्या. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे राहणार असेल तर नवा नंबर घ्यावाच लागतो आणि कर्नाटकचा आजीवन कर भरावा लागतो. हा कर मोठा आहे. गाडीच्या वयानुसार तो किती बसेल ते आरटीओत आधी विचारा आणि गाडीच्या किमतीत मिळवूनच तुलना करा. कोल्हापुरात ५० हजारांनी स्वस्त दिसलेली गाडी इथे आल्यावर महाग पडल्याची उदाहरणं आमच्या गावातच आहेत. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग तिकडच्या आरटीओकडून परत मागता येतो, पण अर्ज मूळ मालकाच्या कागदांवर चालतो, म्हणून त्याचा फोन नंबर आणि सही सौद्याच्या वेळीच घ्या.

वाद चालू असेपर्यंत बिघडलेला पार्ट जपून ठेवा. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि पार्टच नसेल तर पाठवणार काय? आमचा ईजीआर कूलर अजून घरात साखरेच्या पोत्यात बांधलेला आहे. पोत्यावर तारीख, किलोमीटर आणि जॉब कार्डचा नंबर लिहिला आहे.